आत्यांची टंचाई

माझ्या नातीच्या बारशाला मी तीन बायकांना आत्या नेमलं. तिघींना वेगवेगळं गाठून, आणि तिघींनाही "तुझ्याशिवाय आहे कोण?" हे एकच वाक्य म्हणून. आत्या एकच लागते हे मला ठाऊक होतं. मी काही परदेशात वाढलेलो नाही.

आता एवढा गाढवपणा माणूस कसा करतो, हे सांगायचं तर आधी आमच्या घरातली डोकी मोजायला हवीत. माझे वडील मालवणाकडून गिरणीत आले. ते धरून नऊ भावंडं. त्यांतल्या पाच बहिणी, म्हणजे माझ्या पाच आत्या. माझ्या बारशाला पाळण्याची दोरी कोणी धरायची यावरून त्यांतल्या दोघींचं वाजलं, ते मी दहावीला जाईपर्यंत मिटलं नव्हतं. आम्ही भावंडं तीन. आणि आम्हा तिघांना एकेक मूल, योगायोगाने तिन्ही मुलगे. माझा मुलगा एकुलता. त्याने लग्न केलं ते रत्नागिरीच्या एकुलत्या एक मुलीशी. त्यामुळे ह्या वर्षी मुलुंडला आमच्या सातव्या मजल्यावर जी नात अवतरली, तिला आजी-आजोबा चार, आई-बाप दोन, आणि पुढे सगळी मोकळी जागा. सख्खा काका नाही, मामा नाही, मावशी नाही, आत्या नाही.

बाकीच्यांचं एक वेळ चालतं. पण बारशाला आत्या हवीच. बाळाच्या कानात कुर्र करून नाव ती सांगणार, आणि त्या वेळी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालणार. का घालतात हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही, पण घालायला सगळ्यांना आवडतं.

"आत्याचं मी बघतो," असं मीच म्हणालो. बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. त्या बघण्याचं कारण मला माहीत होतं. मी पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर नोकरी केलेला माणूस. तरुणपणी त्या खिडकीसमोर जन्माची रांग जिना उतरून रस्त्यावर जायची, आणि संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला लोकसंख्येच्या स्फोटावर व्याख्यान द्यायचो. मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा ती एकदा म्हणाली होती, "एक मुलगी असती तर." मी म्हणालो, "देशाचा विचार कर." ती घराचा विचार करत होती. मग तिने तो विषय काढला नाही, आणि मी माझ्या वक्तृत्वावर खूश झालो.

निवृत्त झालो तेव्हा खिडकीसमोरची रांग जिन्यावरसुद्धा पोचत नव्हती. तेव्हापासून मी सोसायटीच्या बाकावर उलट व्याख्यान देतो. शाळा ओस पडताहेत, मुलं चाळिशीला लग्न करताहेत, माणूस संपत चाललाय. थोडक्यात, आधी माणसं फार झाली म्हणून रडलो, आता कमी झाली म्हणून रडतो. मधे केव्हातरी ती नेमकी बरोबर झाली असणार, पण त्या दिवशी मी बहुधा रजेवर होतो.

पहिली आत्या मी लिफ्टमध्ये ठरवली, सुनेला सहावा महिना असताना. आमच्या समोरच्या दारातली मुलगी. मुलगी आपली सवयीने म्हणायची, वय अडतीस, ट्रॉम्बेला शास्त्रज्ञ आहे. तिचे वडील अकोल्याकडून रेल्वेच्या नोकरीवर आले. तिने माझ्या मुलाला चौथ्या वर्षापासून राखी बांधलेली. त्यांच्याकडून बुद्धपौर्णिमेला खीर येते, आमच्याकडून चतुर्थीला मोदक जातात, आणि उरलेलं वर्ष कोणाचा डबा कोणाकडे राहिला यावर दोन्ही घरांत चर्चा चालते.

"काका, आमच्यात हे कुर्र-बिर्र नसतं हां," ती म्हणाली.

"नसू दे. पाठीत धपाटे खायचे फक्त."

"म्हणजे नाव तुमचं आणि पाठ माझी? भारीच आहे."

"अगं, तुझ्याशिवाय आहे कोण?"

"बरं बाबा, रजा टाकीन. तारीख सांगा."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. काम झालं होतं. पण मला बोलायची खोड.

दुसरी आत्या झाली ती नातीच्या पाचव्या दिवशी. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला एक बाई येते, दरभंग्याकडची, तिशीच्या आतली. पूर्वी हे काम आमच्या कोकणातल्या बायका करायच्या. त्यांच्या मुली आता ऑफिसांत बसतात. ह्या बाईचं मराठी ऐकण्यासारखं आहे. ती ते घरोघरच्या सासवांकडून शिकली, त्यामुळे तिला फक्त हुकूम येतात. पाणी आण. पंखा बंद. टॉवेल दे. आणि लहानथोर सगळ्यांना 'तू'. मी तीन दिवस निमूट पाणी आणत होतो.

चौथ्या दिवशी मी न्हाणीच्या दाराशी उभा राहून म्हणालो, "तुमच्याकडे बरं आहे. घरात दहा-दहा मुलं. आत्या-मावश्यांना तोटा नाही."

ती पायांवर बाळ घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोण बोलला?"

"नाही, म्हणजे... तुला किती?"

"दोन. बस. बंद."

"आणि भावंडं?"

"आम्ही सात. आता सगळ्यांना दोन-दोन. शाळेत घालायचं असतं ना. तू कुठल्या जमान्यात राहतो?" मग तांब्या वर धरून तिने पुढचा हुकूम सोडला. "बाजूला हो. हवा येते."

म्हणजे पालिकेच्या खिडकीत तीस वर्षं बसून जे मला समजलं नव्हतं, ते तिने एका तांब्यात सांगितलं. जी माणसं आमच्याहून वेगळी म्हणून मी हिशेबात धरली होती, ती त्याच जिन्याने उतरत होती, आमच्या दोन पायऱ्या मागे. पण शहाणपण पुढे सुचलं. त्या क्षणी एवढंच कळलं की ती चिडलीय. जाताना तिने बायकोला बजावलं, "हा म्हातारा दारात नको. नाहीतर उद्यापासून येणार नाही." आणि मुलुंडमध्ये एक वेळ बिल्डर शब्द पाळेल, पण चांगली मालिशवाली दुसरी मिळणार नाही. रात्रभर घरात माझ्याशी कोणी बोललं नाही.

सकाळी मी तिला जिन्यातच गाठली. "रागावू नकोस. बारशाला आत्या तूच. तुझ्याशिवाय आहे कोण?"

तिने मला नीट निरखलं. "खरं?"

"खरं."

त्या दिवशी बाळाची आंघोळ अर्धा तास जास्त चालली, आणि न्हाणीतून मैथिलीतलं गाणं ऐकू आलं.

तिसरी आत्या मात्र निव्वळ माझ्या तोंडाने केली. आठवा दिवस, संध्याकाळ, सोसायटीचा बाक. मी रंगात आलो होतो. "पुढची दुनिया म्हणजे एकुलत्या एक माणसांची," मी सांगत होतो. "भाऊ नाही, बहीण नाही, लग्न नाही, मूल नाही. म्हातारपणी काय? चार भिंती आणि गोळ्यांचा डबा."

बाकावर एकदम शांतता झाली. माझ्या बोलण्याने लोक सहसा झोपतात, गप्प होत नाहीत. मी बाजूला पाहिलं. शेजारी बाई बसल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. वय एक्काहत्तर. पालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होत्या, म्हणून सगळी इमारत त्यांना बाईच म्हणते. आई-वडिलांची एकुलती एक मुलगी, लग्न केलं नाही. आणि मांडीवर गोळ्यांचा डबा.

"एक चूक आहे," बाई म्हणाल्या. "डबे दोन आहेत. सकाळचा वेगळा."

मी काहीतरी पुटपुटलो.

"अहो, राहू द्या. माझ्या लहानपणी घरोघरी सहा-सात पोरं. मी एकटी म्हणून बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या, बिचारी म्हणायच्या. आता बघावं तर सगळीच पोरं माझ्यासारखी. मी फक्त लवकर आले." त्या हसल्या. "माझं काही अडलं नाही हो. बाई म्हणणारे ढीगभर. आजी म्हणतात. मावशी तर बसचा कंडक्टरसुद्धा म्हणतो. आत्या मात्र कोणी म्हटलं नाही. त्याला भाऊ लागतो. मैत्रिणींच्या घरी बारशाला जायचे, तेव्हा मी कायम मारणाऱ्यांत. वाटायचं, एकदा तरी मार खावा."

इथे साध्या माणसाने हसून सोडून दिलं असतं. मी म्हणालो, "बाई, आमच्या नातीची आत्या तुम्ही. तुमच्याशिवाय आहे कोण?"

त्यांनी मांडीवरचा डबा बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "चेष्टा करत नाही ना?"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

पुढचे तीन दिवस मी रोज ठरवायचो, आज सांगू. शास्त्रज्ञ मुलीला सांगू, तिला काय, ती समजून घेईल. पण ती लिफ्टमध्ये म्हणाली, "काका, रजा मंजूर झाली, साहेबाला खोटं नाही सांगितलं, चक्क आत्या होतेय असं लिहिलं." मालिशवाल्या बाईला सांगू म्हटलं, तर तिने बाळासाठी काळ्या मण्यांच्या मनगट्या आणून बायकोकडे ठेवायला दिली. राहिल्या बाई. वॉचमन म्हणाला, "दुसऱ्या माळ्यावरच्या बाई दुपारभर मशीन चालवतात आणि गाणं म्हणतात, तब्येत ठीक आहे ना?" बाई कुंची शिवत होत्या. म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडायचं ते टोपडं, जे आत्यानेच आणायचं असतं. आणि पाळणा पाठ करत होत्या. कोणा एकीला ताप येईल अशी मी मनातल्या मनात आशा धरली. तिघीही ठणठणीत होत्या.

त्या तीन दिवसांत बाईंबद्दल एक गोष्ट आठवली, जी व्याख्यान देताना आठवायला हवी होती. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात बसायला एवढी माणसं आली की सोसायटीच्या फळ्यावर पाळ्या लावाव्या लागल्या. त्यात एक रिक्षावाला होता, एक मोठ्या कंपनीतली साहेबीण होती, आणि सगळ्यांच्या आधी आला तो त्यांनी चौथीत दोनदा बसवलेला विद्यार्थी. त्याच वर्षी माझं हर्नियाचं झालं, तेव्हा बायको होती, आणि कामानिमित्त परगावी असलेला मुलगा होता तो मोबाइलच्या पडद्यावर. नऊ भावंडांच्या घरातला मी. एकुलत्या एक त्या.

बाराव्या दिवशी हॉल माणसांनी भरला. भाड्याने आणलेला पाळणा झेंडूने मढवला. रत्नागिरीहून व्याही-विहीण आले. मी कोपऱ्यात उभा राहून पाहत होतो. टीव्हीवर एक तज्ज्ञ हल्ली सांगत असतो की लोकसंख्येचा मनोरा उलटा झालाय, खाली माणसं कमी आणि वर म्हातारे जास्त, आता तो कोसळणार. मला आमच्या हॉलमध्ये उलटं काही दिसेना. खाली आम्ही चार म्हातारे, आमच्यावर दोन तरुण, आणि सगळ्यांत वर एक बाळ. अशी रचना आम्ही मुंबईत दरवर्षी दहीहंडीला बघतो, आणि तिला कोणी उलटी म्हणत नाही. एवढंच की आमच्या खालच्या थराचे आठही गुडघे गेलेले होते.

"चला, आत्या कुठाय? आत्या, पुढे या," विहीणबाई म्हणाल्या.

तिघी पुढे आल्या.

शास्त्रज्ञ मुलीच्या हातात झबल्याचा बॉक्स. मालिशवाल्या बाईच्या कुशीत बाळच होतं, ती नवी साडी नेसून आली होती. आणि बाई, हातात ती कुंची, जांभळी, काठाला बारीक जरीची. मी घुगऱ्या बघायला म्हणून स्वयंपाकघराकडे वळलो.

"अहो," बायको म्हणाली. "इकडे या."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी खरं ते सांगितलं, म्हणजे तेवढंच उरलं होतं. शास्त्रज्ञ मुलगी हसत सुटली. "काका, तुम्ही मलापण तेच वाक्य मारलंत? सेम टू सेम?" दोन-तीन बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कुंचीची घडी घातली, नीट, कडेला कड लावून, आणि पिशवीत ठेवायला लागल्या. "माझं काय, मी आपली सहज आले होते," त्या म्हणाल्या. "ह्या दोघी तरुण आहेत. बाळाला पुढे त्याच पुरतील."

तो आवाज मला ऐकवेना. आयुष्यात एकदाच मागितलेली गोष्ट, आणि ती माझ्यासारख्या बडबड्याने देऊन काढून घेतली होती. शास्त्रज्ञ मुलीचं हसू गेलं.

तेवढ्यात मालिशवाली बाई पुढे झाली. तिला सगळं बोलणं कळलं असेल असं नाही, पण पिशवीत जाणारी कुंची तिने पाहिली. तिच्याजवळ मराठी होतं ते हुकमाचंच. तेच तिने वापरलं.

"बस," ती बाईंना म्हणाली.

बाई बघत राहिल्या. उभं आयुष्य ज्यांनी 'बसा' म्हटल्यावर वर्गच्या वर्ग बसला, त्यांना आजवर असं कोणी सांगितलं नसेल.

"बस म्हणते ना. पाय पसर. पिशवी ठेव. टोपी काढ."

बाई खुर्चीत बसल्या. पाय पसरले. कुंची काढली.

"बाळ घे. मान धर. हां. मी रोज घेते, रोज कानात बोलते. आज तू बोल."

असं म्हणून ती मागे सरकली. दरभंग्याची ती बाई, दिवसाला पाच घरची बाळं न्हाऊ घालणारी, स्वतःची दोन गावाला सासूजवळ ठेवून आलेली. तिने आत्यापण असं काढून दिलं, जशी लोकलमध्ये सरकून बाजूच्याला जागा द्यावी. मी तिच्या दाराबाहेर उभं राहायच्याही लायकीचा नव्हतो, आणि तिने मला न्हाणीच्या दारातून हाकललं होतं ते फारच सौम्य होतं.

बाईंनी बाळाच्या कानात कुर्र केलं. मग नाव सांगितलं. एकदा नाही, तीनदा, हजेरी घेतल्यासारखं. नात जांभई देऊन झोपली. आणि बाई पाठ वाकवून वाट बघत राहिल्या.

कोणी हात उचलेना. एक्काहत्तर वर्षांची पाठ.

"मारा की," बाई म्हणाल्या.

"बाई, हाडं..." शास्त्रज्ञ मुलगी म्हणाली.

"माझी हाडं माझ्याकडे. मार."

तिने एक धपाटा घातला, अगदी मोजून, प्रयोगशाळेत घालावा तसा. सुनेने एक घातला. मालिशवाल्या बाईने एक घातला, आणि तो बऱ्यापैकी बसला असावा, कारण बाईंच्या तोंडून "आई गं" आलं आणि त्या डोळे पुसत हसायला लागल्या. कशाने डोळ्यांत पाणी आलं ते मी विचारलं नाही.

"उरलेले काकांना," शास्त्रज्ञ मुलीने जाहीर केलं.

मग माझी पाठ. मुलुंडमधल्या यच्चयावत बायकांनी हात धुऊन घेतले. डोळे मिटूनसुद्धा बायकोचा धपाटा मला वेगळा ओळखू आला. त्यात पस्तीस वर्षांचं साठलेलं होतं. मी वळून पाहिलं तर ती म्हणाली, "देशाचा विचार केला आणि मारला."

चार दिवसांनी मी पुन्हा बाकावर. आता माझं व्याख्यान तिसऱ्यांदा फिरलेलं. मी सांगत होतो की माणसाची चिंता करायचं काही कारण नाही. पोरं कमी होतील, भावंडं नसतील, पण आत्या नसली तर माणसं आत्या तयार करतात, वाटून घेतात, मागे सरकून जागा देतात. मी हे खरंच मानतो. जी माणसं रक्ताच्या नात्यांशिवाय जगायला आधी शिकली, तीच आपल्याला पुढची वाट दाखवणार, आणि ती आपल्याच जिन्यात भेटतात. ऐकणारे तिघे होते. एक झोपला होता.

बाई काठी टेकत बाकाशी येऊन थांबल्या.

"बाबा," त्या म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणताहेत म्हणून. मागे फक्त कुंडी होती.

"तुम्हालाच. मी तुमच्या नातीची आत्या, म्हणजे तुमच्या मुलाची बहीण. म्हणजे तुमची कोण झाले?"

माझ्याहून त्या पाच वर्षांनी मोठ्या. बाकावरचा झोपलेलासुद्धा जागा झाला.

"आईने तुम्हाला दूध आणायला पाठवून तास झाला," बाई म्हणाल्या. "बाळ रडतंय, सून चहाला थांबलीय. मानवजातीचं आम्ही बघतो, बाबा. तुमच्याच्याने एक पिशवी दूध वेळेवर घरी येत नाही."